दुसरा होकार

सोमवार, २ मार्च

धाकट्यास,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर.

पत्रास कारण की तू फोन उचलत नाहीस, मेलचा पत्ता बंद करून बसलायस, आणि पोस्ट नावाची गोष्ट अजून चालू आहे हे मला आत्याने सांगितलं. पत्ताही तिनेच दिला. तुझ्या घरी मी कधी आलेच नाही, त्यामुळे माझ्याकडे तो नव्हताच. नोकरी सोडून तू कुठल्याशा तलावावर पोरांना पोहायला शिकवतोस, हेही तिच्याकडूनच कळलं. मी तिला विचारलं, नक्की आपलाच धाकटा का? ज्याला जेवायला उठवायचं म्हणून आईला कॉम्प्युटरची वायर काढावी लागायची, तो? तर म्हणाली, तोच, आणि खांदे चांगले भरलेत म्हणे. बरं झालं.

कागदाच्या मागे ‘नाजूक वस्तू, जपून हाताळा’ असं छापलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. आमच्या लेबल छापायच्या यंत्रांच्या चाचणीचे कागद आहेत, ऑफिसात ढिगाने पडलेले असतात. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय आणि शेजारी एक यंत्र खडखडतंय, म्हणून अक्षर असं आलंय. एरवीही माझं अक्षर असंच असतं म्हणा.

आता कामाचं. प्रोग्रॅम बांधायच्या आपल्या साच्यांत एक मोठा बदल करायचाय. नवा कंपायलर जूनअखेर येतोय आणि त्याच्याशी आपल्या शोधक साच्याचं, तुकडे कुठे आहेत ते शोधणाऱ्या, जमत नाही. म्हणजे जुलै उजाडला की आपले साचे वापरणाऱ्या बाराही प्रकल्पांचं बांधकाम ठप्प. मी बदल केव्हाच करून ठेवलाय. पण तो आत घ्यायला दोन होकार लागतात आणि राखणदार दोघेच, तू आणि मी. माझा होकार आहेच. पडद्यावर तुझ्या नावापुढे एक करडं वर्तुळ आहे, ते काही हिरवं होत नाही. मी सारखी जाऊन बघते. चहा ठेवला की बघते, चहा ओतला की बघते.

हा नियम कोणी आणला ते आठवतंय ना? ‘ताई, तुझा हात डोक्याच्या आधी चालतो,’ असं म्हणून तूच आणलास. मला आवरायला नियम केलास आणि स्वतः निघून गेलास. आता मी आवरून बसलेय आणि बाराजण माझ्या नावाने बोटं मोडतायत.

नियमात आणखी एक कलम आहे, तेही तुझंच. राखणदार वर्षभर गप्प राहिला तर त्याचं नाव काढावं आणि दुसरा नेमावा. तुझं वर्ष जूनमध्येच भरतंय. नकाशेवाली, तीच, जी डोंगरातल्या पायवाटांचा प्रोग्रॅम करते, मला रोज म्हणते, “वर्ष भरायची वाट कसली बघतेस, काढ नाव. मी राखणदार होते, दुसरा होकार मी देते.” तिचं चूक नाही. पण पहिल्या साच्याच्या पहिल्या ओळीपासून तिथे आपली दोघांची नावं आहेत, आणि तुझं नाव काढायचं तर ते मलाच माझ्या हाताने काढावं लागणार. ते मला करायचं नाही.

म्हणून एवढंच सांगते. एकदा आत ये, होकार दे, आणि हवं तर पुन्हा जा. बटणच तर दाबायचंय.

आईचा गुडघा बरा आहे. जिना उतरते, चढताना लिफ्ट घेते.

ताई


बुधवार, १८ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. पोस्टमन आमच्या मजल्यावर आला की मी आतूनच ओळखते, त्याच्या बुटाचा एक तळ वाजतो. काल तो समोरच्यांकडे आला होता.

आई परवा विचारत होती, तुमचं दोघांचं ते नक्की आहे तरी काय? इतकी वर्षं तुम्ही जेवताना त्याच्यावर बोलायचात आणि मी आपली मान डोलवायचे. मला वाटलं, चला, निदान तिला तरी सांगावं.

मी म्हटलं, “आई, प्रोग्रॅम नुसता लिहून चालत नाही, कंपायलरने तो यंत्राच्या भाषेत आणला की बांधावा लागतो. त्याला लागणारे तुकडे त्या कॉम्प्युटरवर कुठे आहेत ते शोधायचं, कुठला आधी जोडायचा, कुठला मागून, ते ठरवायचं. हे जोडकाम सगळ्यांचं थोडंफार सारखंच असतं. पण जो तो ते नव्याने लिहायचा आणि त्याच त्याच चुका करायचा. म्हणून आम्ही त्यातला सारखा भाग बाजूला काढून त्याचे साचे केले आणि सगळ्यांसाठी उघडे ठेवले. ज्याला हवा त्याने घ्यावा.”

“म्हणजे माझे कागदी पॅटर्न,” आई म्हणाली. “कारखान्यात मी कटिंगला होते तेव्हाचे. गळ्याचा, बाहीचा, खिशाचा. कोणीही यायची, पॅटर्न न्यायची, आपलं कापड कापायची, परत आणून टांगायची.”

“अगदी तसंच.”

“आणि पॅटर्न बदललास की?”

“सगळ्यांना आपोआप नवा मिळतो. तीच तर सोय आहे.”

“मग जिने निम्मं कापड जुन्यावर कापलंय, तिने काय करायचं?”

मी म्हटलं, आई, तुझ्या कारखान्यात आणि आमच्यात फरक आहे. ती म्हणाली, असेल. आणि चष्मा पुसत बसली. तिचं ‘असेल’ तुला माहीत आहे.

इकडे मात्र फाटायला सुरुवात झालीय. ग्रंथालयवाल्याने, छोट्या वाचनालयांसाठी पुस्तकांची यादी ठेवायचा प्रोग्रॅम करतो तो, काल सगळ्यांना कळवलं की आपले साचे त्याने स्वतःकडे उतरवून घेतलेत आणि आता तो तेच त्याला हवे तसे बदलणार. ‘तुमच्याकडे दुसरा होकार कधी येणार याची वाट बघत बसायला आम्हाला वेळ नाही.’ झाली वेगळी चूल. त्याचं बघून आणखी दोघं त्याच वाटेवर आहेत. अरे, आजवर एका जागी चूक सुधारली की बारा ठिकाणी सुधारायची. आता प्रत्येकाची आपली प्रत, प्रत्येकाची आपली चूक. एक ना धड भाराभर चिंध्या.

पण तुला सांगून काय उपयोग? ‘ज्याने त्याने आपल्याकडे उतरवून घ्यावं, दुसऱ्याच्या दारात उभं राहू नये,’ हे तुझंच तत्त्वज्ञान. आता बघ, किती शिष्य मिळालेत तुला.

साहेब बोलावतायत. पाकीट चिकटवून मगच जाते.

ताई


रविवार, १२ एप्रिल

धाकट्या,

आज सकाळपासून मी पडदे धुतले, कपाट आवरलं, आवरलेलं कपाट पुन्हा आवरलं. आई बाल्कनीत दार लावून फोनवर बोलतेय. दर रविवारी ती असं तासभर बोलत असते, कोण मैत्रीण सापडलीय कोणास ठाऊक. मला घरात बसवत नाहीये आणि बाहेर जाववत नाहीये. तेव्हा म्हटलं, तुझ्याशी भांडून घ्यावं.

तू ते वाक्य का बोललास?

गेल्या वर्षी इथे खाली लिफ्टपाशी आपण उभे होतो. आईला मी नुकतीच दवाखान्यातून घरी आणली होती. तू आलास, घामाघूम, आणि म्हणालास, “मी तिकडे खोली तयार करून बसलोय आणि तू तिला परस्पर इकडे घेऊन आलीस?” मी म्हटलं, इथे लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, डॉक्टर ओळखीच्या आहेत, यात विचारायचं काय? तू म्हणालास, तुझं घर तळमजल्यावर आहे, न्हाणीघरात तू दांडी बसवलीस, आपलं ठरलं होतं. काय ठरलं होतं? ‘बघू’ असं ठरलं होतं. मी बघितलं.

तेव्हा तू ते म्हणालास. “ताई, तुला सगळं सामायिक हवं असतं. फक्त ते तुझ्या घरात ठेवलेलं हवं असतं.” आणि लिफ्ट आलेली असताना जिन्याने उतरून गेलास.

हे वाक्य गेलं वर्षभर माझ्या डोक्यात नळासारखं ठिबकतंय. यंत्राशी बसले की ठिबकतं, भाजी चिरताना ठिबकतं. एकदा तर मीटिंगमध्ये मी मोठ्याने म्हणाले, “मग काय रस्त्यावर ठेवायचं?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. विषय शाईचा चालला होता.

आता मला सांग, काय चूक आहे माझी? आपले साचे इंटरनेटवर माझ्या खात्यावर आहेत, कारण सुरू केले तेव्हा खातं माझं होतं. किल्ल्या माझ्याकडे आहेत, कारण काही बिघडलं की लोक मला उठवतात, तुला नाही. मी ते कोणापासून लपवलेत का? कोणाला अडवलंय का? दार सताड उघडं आहे. माझं आहे, पण उघडं आहे. आणि आई तुझी नाही असं मी कधी म्हटलं? कधीही ये म्हटलं होतं. चहा मिळेल म्हटलं होतं.

हे लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. वाचायला नको होतं.

तुझी आठवण येते. हे वाक्य या पत्रात घालायचं नव्हतं, भांडणात ते शोभत नाही. पण शाईने लिहिलंय, आता खोडलं तर जास्तच दिसेल.

पाकिटात घालते आणि लगेच खाली जाऊन पेटीत टाकते, नाहीतर फाडीन.

ताई


शनिवार, ९ मे

तिसऱ्या लेनमधल्या गृहस्थांस,

सापडलास.

काय झालं ते क्रमाने सांगते, क्रम धरला तर जरा बरं वाटेल. तुझ्या होकाराची वाट बघून कंटाळले, म्हणून मी बदलाची चाचणी आवृत्ती काढली. पक्की नव्हे, नुसती चाचणी. त्याला होकार लागत नाही, हे तुझ्याच नियमात आहे. सगळ्यांना म्हटलं, लावून बघा, काही अडलं तर कळवा. लोकांनी कळवलं. सगळ्यांचे निरोप एकाच चालीचे. ‘तातडीचे’, ‘अति तातडीचे’, ‘हे काय करून ठेवलंय’.

आणि काल एक आला. नावाच्या जागी ‘तिसरी लेन’. मी तो ऑफिसात उभ्या उभ्या वाचला.

‘काय केलं: चाचणी आवृत्तीचे साचे घेऊन आमचा पोहण्याची वेळ मोजायचा प्रोग्रॅम बांधला. काय व्हायला हवं होतं: बांधला जायला हवा होता. काय झालं: तुमचा कंपायलर फार जुना आहे, असं म्हणून शोधक साचा थांबतो. आमचा कॉम्प्युटर तलावाच्या भिंतीत बसवलेला आहे. तो खरंच जुना आहे आणि लवकर बदलला जाणार नाही. नव्या कंपायलरसाठी नवी वाट करताना जुनी वाट बुजवायची गरज नव्हती. दोन्ही शेजारी राहू शकतात. कशा, ते खाली लिहून दिलंय. घाई नाही.’

घाई नाही! या जगात चूक कळवताना खाली ‘घाई नाही’ लिहिणारा माणूस एकच आहे, आणि त्याला सायकलवर तोल धरायला मी शिकवलंय. माझा हात यंत्राच्या बटणावर होता, तो तसाच राहिला. यंत्राने अख्खा रोल छापून टाकला. ‘नाजूक वस्तू, नाजूक वस्तू, नाजूक वस्तू’, जमिनीवर ढीग. साहेब येऊन बघून गेले. जाताना रोल बदलायला सांगितला.

आधी मला राग आला. ताईच्या पत्राला उत्तर नाही, ताईच्या फोनला नाही, आणि चाचणी आवृत्तीला उत्तर देतोस? इतकं सविस्तर? मग मी तुझा तो प्रोग्रॅम उघडून बघितला. मला वाटलं होतं, तू तरी आपले साचे उतरवून स्वतःकडे ठेवले असशील. तुझं तत्त्वच ते. तर तसं नाही. सगळं सरळ माझ्याकडून घेतोस. वर्षभर, दर वेळी, माझ्याच दारातून. म्हणजे मी साच्यांत जे काही करत होते, ते तिकडे तुझ्या भिंतीतल्या कॉम्प्युटरपर्यंत येत होतं, आणि तुझी पोरं किती वेळात तलाव पार करतात ते त्यावर मोजलं जात होतं. आणि मी इकडे बोंबलत होते की तू सोडून गेलास.

रागाने बसले होते, ती हसायलाच लागले.

तिथे सगळ्यांसमोर मी सभ्यपणे लिहिलं, ‘कळवल्याबद्दल आभार. आपण कोण?’ तुझं उत्तर आलं, ‘साचे वापरणारा.’ एवढंच. राखणदार म्हणाला नाहीस, भाऊ म्हणाला नाहीस.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने भाजीची पिशवी रिकामी करता करता ऐकलं आणि म्हणाली, “हो, त्याच्या तलावावरचं घड्याळ तुझ्या त्या पॅटर्नवरच चालतं. सांगितलंय त्याने मला.”

“कधी?”

“रविवारी. तो दर रविवारी बोलतो की माझ्याशी.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“तू विचारलंस कधी? तू मला नेहमी सांगतेस. विचारत नाहीस.”

मग मी विचारलं. तुला खरं वाटणार नाही, पण विचारलं. “आई, ते तुझे पॅटर्न. ते तू कुठे टांगायचीस?”

“दाराजवळच्या खिळ्यावर.”

“तुझ्या टेबलाशी का नाही?”

“माझ्या टेबलाशी टांगले असते तर प्रत्येकीला माझ्यासमोरून न्यावे लागले असते. एखाद्या दिवशी एखादीला माझं तोंड बघायचं नसतं. म्हणून तिने काय कापड कापू नये?” मग जरा विचार करून म्हणाली, “कात्री मात्र माझ्या ड्रॉवरमध्ये असायची. कुलपात. कात्री कोणाला देऊ नये.”

तुझं बरोबर आहे. दोन्ही वाटा शेजारी राहतात. मी तुझा उपाय लावून बघितला, पहिल्या झटक्यात चालला. माझा बदल तसाच आत गेला असता तर तुझा तलाव अडला असता, आणि असे आणखी किती भिंतीतले कॉम्प्युटर आहेत देव जाणे. नियमाने मला वेळेवर आवरलं म्हणायचं. पण अरे, चूक कळवणं म्हणजे होकार नव्हे. वर्तुळ करडंच आहे.

ताई


शुक्रवार, १२ जून

धाकट्या,

तुझं नाव काढलं.

हे असं सरळ लिहिलं, कारण गोल गोल लिहायला गेले असते तर पत्रच गेलं नसतं. वर्ष काल भरलं. आज सकाळी बाराही प्रकल्पांचे लोक पडद्यावर जमले होते, ग्रंथालयवालाही होता, हाताची घडी घालून. नकाशेवालीने विचारलं, “काय ठरवलंस?” मी म्हटलं, आधी करते, मग सांगते. सगळ्यांसमोर नियमांचं पान उघडलं, तुझं नाव निवडलं आणि काढलं. यंत्र विचारतं, नक्की ना? मी म्हटलं, हो बाबा.

त्याच्या वर माझं होतं. तेही काढलं.

नकाशेवाली म्हणाली, “बाई, काय करतेस?” मी म्हटलं, थांब, हात चाललाय तोवर करू दे. मग साचे माझ्या खात्यावरून उचलले आणि एका नव्या जागी ठेवले. ती जागा कोणाच्याच नावावर नाही, बाराजणांची मिळून आहे. किल्ल्याही तिथेच, कोणा एकाकडे नाहीत. राखणदार नकाशेवाली आणि आणखी दोघं. दोन होकारांचा नियम ठेवलाय, तो चांगला आहे. फक्त एक बदल सुचवला आणि तो सगळ्यांनी मानला. दोनातला एक होकार राखणदाराचा, आणि दुसरा साचे वापरणाऱ्याचा. ज्याचं बांधकाम अडणार असेल, त्याचा. तो कोणीही असू शकतो. त्याला नाव सांगावं लागत नाही.

ग्रंथालयवाल्याने हाताची घडी सोडली. म्हणाला, “हे मार्चमध्ये केलं असतंत तर मी माझी प्रत काढलीच नसती.” मी म्हटलं, मार्चमध्ये मला हे कळलं नव्हतं. तो म्हणाला, “मग प्रत टाकून देतो. तिच्यात नाहीतरी दोन चुका आहेत, सापडत नाहीयेत.” सगळे हसले. तोही हसला, जरासा.

बदल आता तिथे होकारांसाठी ठेवलाय, तुझ्या उपायासकट, जुनी वाट आणि नवी वाट शेजारी शेजारी. नकाशेवालीने तिचा होकार तिथल्या तिथे देऊन टाकला. ग्रंथालयवाला दुसरा द्यायला निघालाच होता. मी म्हटलं, “थांबा जरा. महिनाअखेर अजून लांब आहे.”

तो म्हणाला, “तुम्ही म्हणताय, थांबा?”

मीटिंग संपल्यावर मी माझं खातं उघडलं. रिकामं. इतकी वर्षं तिथे साच्यांची रांग असायची. मी उठले, खिडकी उघडली, लावली. पाणी प्यायले. एक भीती वाटली, ती सांगते. आजवर तुला गाठायला मला काम होतं. होकार दे, नाव काढू का सांग, असं काहीतरी. आता तुझ्याकडे माझं काहीच अडलेलं नाही. तर आता तुला पत्र लिहायचं ते कोणत्या निमित्ताने?

मग लक्षात आलं की मी लिहितेच आहे.

लिफ्टपाशी तू जे म्हणालास, ते खरं होतं. ते म्हणून तू जिना निवडलास याचा राग मात्र अजून आहे. तो ठेवून घेते.

ताई


मंगळवार, २३ जून

धाकट्या,

आज सकाळी चहा ठेवला आणि बघितलं. करडं. ओतला आणि बघितलं. हिरवं.

दुसरा होकार, तिसऱ्या लेनकडून. खाली तुझी ओळ: ‘बरोबर आहे. एकेचाळिसाव्या ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा राहिलीय. होकार आहेच. घाई नाही.’

वर्षभरानंतर भाऊ बोलला, तर काय बोलला, ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा राहिलीय. मी ती जागा काढली. मग उगीचच ती ओळ परत परत बघत बसले. आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, “पत्र आलं का त्याचं?” मी म्हटलं, नाही, होकार आला. “मग झालं की,” म्हणाली, आणि माझा निवलेला चहा पिऊन टाकला.

आता ऐक. आई शनिवारी तुझ्याकडे येतेय, महिनाभरासाठी. हे तिने ठरवलं आणि मला सांगितलं. मी काही म्हणायच्या आत बॅग काढली. महिन्यानंतर परत यायचं की तिथेच राहायचं, तेही तीच ठरवणार म्हणे. कोणी तिला न्यायचं नाही, कोणी आणायचं नाही. न्हाणीघरातली दांडी तू काढली नाहीस, असं तिला रविवारी कळलं. मलाही कळलं, कारण या रविवारी तिने बाल्कनीचं दार उघडं ठेवलं होतं. मी आत बसून ऐकत होते. तू हसलास तेही ऐकू आलं.

गुडघ्याचं तेल बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात आहे. ती लावत नाही, लावलं म्हणून सांगते. तेवढं बघ.

तिची बॅग जड आहे आणि गाडी बदलावी लागते, म्हणून सोडायला मी येतेय. खरं कारण बॅग नाही, ते तुला कळेलच. दोन दिवस सुट्टी काढलीय. साहेब म्हणाले, जा, जा, यंत्रालाही जरा विश्रांती मिळेल.

तुझं भिंतीतलं घड्याळ बघायचंय. पोरांना पाण्यात ढकलताना तू काय बोलतोस ते ऐकायचंय. आणि तुला माहीत आहे, मला पोहता येत नाही. लहानपणी तू शिकलास तेव्हा मी काठावर उभी राहून तुला सूचना देत होते. यावेळी काठावर नाही उभी राहणार. पहिल्या दिवशी बुडेन, आरडाओरडा करेन, तुझ्या पोरांसमोर तुझी लाज काढीन. शिकवशील तर शिकव.

आशीर्वाद उरलेत. भरपूर उरलेत, येताना घेऊन येते.

घाई नाही.

तुझी ताई